विद्यापीठाचे दालन आणि आपल्या घरातील ट्रंक

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी एका उच्च शिक्षण संस्थेत भरलेले लोकजीवनविषयक प्रदर्शन पाहण्यास गेलो होतो. मांडणी नेटकी होती. जाते, उखळ, पाभर, मोट, घोंगडी, संबळ, हलगी अशा वस्तू क्रमाने ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे सुवाच्य अक्षरांतील पाटी होती. एका कोपऱ्यात जवळजवळ माणसाच्या उंचीची एक काठी उभी होती. तिच्या वरच्या टोकाला घुंगरे बांधलेली होती. ती ग्रामीण लोकजीवनातील एक आकर्षक वस्तू असल्याचे पाटीवर नमूद केले होते. आमच्यातील एका मुलाने ती पाटी दोनदा वाचली आणि विचारले, "सर, ही काठी कोणाची?"

मी त्याला सांगितले, की ही येसकराची काठी. गावाच्या वेशीची राखण करणे, सरकारी निरोप पोहोचविणे, साऱ्याच्या वसुलीसाठी लोकांना चावडीवर बोलावून आणणे, मयताची वार्ता घेऊन ऊन-पावसाची पर्वा न करता दुसऱ्या गावी जाणे ही कामे ज्याच्या माथी मारलेली होती, त्या महाराच्या हातातील ही काठी. तिचा आवाज आला, की कोण येत आहे हे गावाला कळे. माझ्या आजोबांच्या हातातही अशीच काठी होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी ती चुलीत घातली, असे माझे वडील सांगत. त्यामुळे ती वस्तू मी कधी पाहिली नव्हती. वयाची पन्नाशी जवळ आल्यावर, त्या प्रदर्शनातच मी ती प्रथम पाहिली.

मुलाने सारे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग पाटीवर तसे का लिहिले नाही?"

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते देण्याचा प्रयत्न करीत आहे. हा प्रश्न एका काठीपुरता किंवा एका संस्थेपुरता नाही. विद्यापीठांतून भरणारी कला-संस्कृतीची प्रदर्शने आणि तेथे होणारी व्याख्याने कोणासाठी असतात, त्यांत कोणाचे जीवन मांडले जाते आणि ते मांडण्याचा अधिकार कोणाकडे असतो, असा हा व्यापक प्रश्न आहे. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव या नात्याने आपणा सर्वांचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

सोलापूरकरांना स्वतःचे विद्यापीठ मिळून फार काळ लोटलेला नाही. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठाची स्थापना झाली. एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. त्यापूर्वी आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. पदव्युत्तर शिक्षणाच्या कामासाठी कोल्हापूरच्या फेऱ्या मारलेले अनेक जण हा अंक वाचत असतील. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. आज पुणे मार्गावरील केगावच्या परिसरात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची आणि बार्शीपासून सांगोल्यापर्यंतची मुले येतात. त्यांतील कितीतरी मुले घराण्यातील पहिली पदवीधर असतात. अशा जिल्ह्यात विद्यापीठाचे दालन हे अनेकांच्या आयुष्यातील पहिले कलादालन असते आणि तेथील व्याख्यान हे अभ्यासक्रमाबाहेरचे पहिले गंभीर व्याख्यान असते. म्हणून तेथे काय मांडले जाते आणि काय बोलले जाते, ही किरकोळ बाब नव्हे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन सादर करताना एक मुद्दा आग्रहाने मांडला होता. सरकारचा महसूल बहुतांशी कष्टकरी रयतेच्या घामातून येतो. परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. या विचाराची कसोटी आजच्या सांस्कृतिक उपक्रमांनाही लावता येते. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली गिरणी उभी राहिली. तीच आपली 'जुनी गिरणी'. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. भोंग्याच्या तालावर चालणाऱ्या या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारा कामगार एकाच फाटकातून आत जात होता. त्या कामगारांच्या नातवंडांना विद्यापीठाच्या दालनात आपल्या आजोबांच्या हाताची खूण दिसते का? दिसत असेल, तर फुल्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे अंशतः उत्तर मिळाले, असे म्हणता येईल. दिसत नसेल, तर ते दालन कितीही सुंदर असले तरी अपुरे आहे.

विद्यापीठीय व्याख्यानाचे सामर्थ्य किती असते, हे आपल्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने एक निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर आणि त्या निबंधाचा विषय होता भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. साताऱ्याच्या शाळेत ज्याला गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्या मुलाने जगातील एका अग्रगण्य विद्यापीठाच्या चर्चासत्रात जातीची शास्त्रीय चिकित्सा मांडली. ज्या व्यवस्थेने त्याला अभ्यासाचा विषयदेखील मानले नव्हते, तिलाच त्याने अभ्यासाचा विषय केले. पुढील वर्षी तो निबंध प्रसिद्ध झाला आणि आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो वाचला जातो. यातून एक धडा घ्यावा. तो निबंध केवळ वाचून संपला असता, तर त्या दिवशी उपस्थित असलेल्या मोजक्या श्रोत्यांबरोबरच विरून गेला असता. तो लिहिलेला होता, छापला गेला, म्हणून टिकला.

आपल्याकडील व्याख्यानांचे काय होते? महापुरुषांच्या जयंतीला आणि स्मृतिदिनाला विद्यापीठांतून व महाविद्यालयांतून कार्यक्रम होतात. प्रतिमेला पुष्पहार अर्पण होतो, दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार यांत पाऊण तास जातो आणि वक्त्याला वेळेचे भान ठेवण्याची चिठ्ठी पोहोचते. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. वक्त्याने महिनाभर अभ्यास करून काही नवे सांगितले असले, तरी ते कोठेही नोंदले जात नाही. मी स्वतः अशा कार्यक्रमांत बोललो आहे आणि श्रोता म्हणूनही बसलो आहे. त्यामुळे हा दोष मी दुसऱ्या कोणाच्या पदरात टाकत नाही. समारंभालाच आपण विचार समजू लागलो, हे मात्र मान्य करावे लागेल. १९४३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त पुण्यात बाबासाहेबांनी केलेले भाषण आठवावे. जयंतीच्या भाषणातही रानडे, गांधी आणि जीना यांची परखड तुलना त्यांनी केली आणि ते भाषण लगेच पुस्तकरूपाने छापले. जयंती साजरी करण्याचा तोही एक मार्ग आहे.

आता प्रदर्शनाकडे वळू. सोलापूर जिल्ह्यात मांडण्यासारखे काय आहे, याचा विचार केला तर यादी संपत नाही. मंगळवेढा ही चोखोबांची भूमी. तेथे गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, अशी परंपरा सांगते आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी आहे. सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा या एकाच कुटुंबातील माणसांनी चौदाव्या शतकात अभंगरचना केली, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील असाधारण घटना आहे. त्याच पंढरपुरात विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे वर्षांनीही तो उंबरठा ओलांडता येत नव्हता, एवढे सांगितले तरी एक संपूर्ण दालन उभे राहील. चित्रकार म. फि. हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूरचा आणि शाहीर अमर शेख यांचा १९१६ मधला बार्शीचा. लावणीकार राम जोशी सोलापूरचे. १९३० च्या मार्शल लॉच्या काळातील संघर्षानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे चार वेगवेगळ्या समाजांतील होते.

आपल्याच शहरातील सेटलमेंटचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जाई आणि गिरण्यांत कामाला लावले जाई. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्या कुंपणाच्या आत जन्मलेली माणसे आज अतिवृद्ध आहेत. त्यांच्या आठवणी अद्याप नोंदवून घेता येतील. आणखी दहा वर्षांनी घेता येणार नाहीत.

याहून मागे जायचे तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर पाहावे. प्राचीन तगर म्हणून ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखिलेले हे व्यापारी नगर. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे आणि ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. कलबुर्गीच्या पुढे सन्नती येथे सम्राट अशोकाचे आदेश कोरलेली शिळा देवीच्या मंदिरात सापडली. लगतच्या कनगनहळ्ळी येथील स्तूपाच्या उत्खननात अशोकाची नावानिशी कोरलेली प्रतिमा मिळाली. आपल्या मुलांना सांची आणि सारनाथ पुस्तकातून ठाऊक असते; परंतु एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर अशोकाची कोरीव प्रतिमा मिळाली, हे ठाऊक नसते. बौद्ध वारसा दूर कोठेतरी उत्तरेत आहे आणि आपण तो १९५६ मध्ये बाहेरून आणला, असा जो समज पसरविला जातो, त्याला याहून सबळ उत्तर नाही. हे उत्तर प्रदर्शनाच्या रूपाने देण्याचे काम विद्यापीठांतील इतिहास आणि पुरातत्त्व विभाग उत्तम रीतीने करू शकतात.

एवढी सामग्री असताना अडचण कोठे येते? अडचण येते ती घुंगुरकाठीपाशी. 'लोकसंस्कृती' या शब्दाखाली आपण जे मांडतो, त्यातील पुष्कळ वस्तू आणि कला या सक्तीतून आलेल्या आहेत. युवा महोत्सवांतून पोतराज, जोगतीण, वाघ्या-मुरळी यांची रूपे रंगमंचावर येतात, टाळ्या पडतात, बक्षिसे मिळतात. हलगीचा कडकडाट ऐकून अंगावर रोमांच उभे राहतात, हे मलाही मान्य आहे. परंतु जो पोतराज अंगावर आसूड ओढून घेई, त्याला तो पर्याय म्हणून निवडता आला होता का? जिला देवाला सोडले, त्या मुलीची संमती कोणी विचारली होती? कला सुंदर आहे, एवढे म्हणून थांबलो तर त्या सौंदर्याखाली दडलेली सक्ती आपण पुसून टाकतो. 'आकर्षक वस्तू' या दोन शब्दांनी माझ्या आजोबांचे आयुष्य असेच पुसले गेले होते.

यावर आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठांचे उत्तर असते, की मग हे मांडूच नका. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हटले, आम्ही सोडले. गावकीची कामे सोडा म्हटले, सोडली. देवदेवता विसर्जित केल्या, काठ्या जाळल्या, आता ती घाण पुन्हा उकरून मुलांपुढे कशाला ठेवायची? या भूमिकेचा मी मनापासून आदर करतो. काठी चुलीत घालणारे आजोबा चुकले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या दृष्टीने ती वस्तू म्हणजे इतिहास नव्हता, रोजची मानहानी होती आणि ती जाळणे हे त्यांचे स्वातंत्र्य होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. कायदा येण्यापूर्वीच माझ्या आजोबांनी आपले वतन स्वतःच्या हाताने संपविले होते.

तथापि, त्यांच्या आणि आपल्या परिस्थितीत एक फरक आहे. त्यांना त्या काठीची आठवण करून देण्याची गरज नव्हती. आमच्या विद्यालयातील मुलाला मात्र ती ओळखताही आली नाही. विसरणे ही त्या पिढीने मिळविलेली सुटका होती. आपल्या पिढीत ते अज्ञान होऊ लागले आहे. आपण आपली वस्तू मांडली नाही, म्हणून ती प्रदर्शनात यायची थांबत नाही. ती येतेच, फक्त दुसऱ्याने लिहिलेल्या पाटीसह येते. म्हणून 'मांडू नका' या मताशी मी आता सहमत नाही. मांडा, पण पूर्ण मांडा. ती कोणाच्या हातात होती, कोणी दिली, नाकारल्यास काय होई, ती केव्हा आणि का टाकली आणि त्या हाताने त्यानंतर काय धरले, हे सारे पाटीवर आले पाहिजे.

जगात हे घडलेले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे २०१६ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहास आणि संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. तेथे गुलामांना घातलेल्या बेड्या ठेवलेल्या आहेत. त्या कृष्णवर्णीयांच्या अपमानाची खूण आहेत म्हणून लपविल्या नाहीत आणि शोभेची वस्तू म्हणूनही मांडल्या नाहीत. त्याच संग्रहालयात गुलामांच्या उठावाचा नेता नॅट टर्नर याचे बायबल आहे आणि शेकडो मैलांच्या धोक्याच्या वाटेने गुलामांना मुक्त करणाऱ्या हॅरिएट टबमनची शालही आहे. बेडी पाहून मान खाली घालणारे मूल शाल पाहून मान वर करते. आपल्या घुंगुरकाठीशेजारी आंबेडकरी जलशाची वही, 'जनता'चा अंक आणि वसतिगृहाच्या प्रवेशाचा कागद ठेवला, तर तिचा अर्थ असाच बदलेल.

मात्र ती वही, तो अंक आणि तो कागद आहेत कोठे? येथे विद्यापीठाकडे रोखलेले बोट आपल्याकडे वळवावे लागते. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सभेच्या स्थापनेनंतर सहा महिन्यांच्या आत झालेले हे काम. त्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले होते. ज्यांच्या आई-वडिलांना अक्षराला स्पर्श करण्याची मनाई होती, ती मुले मासिक काढत होती! आपल्या या स्मरणिकेचा वंश सांगायचा झाला, तर तो त्या मासिकापासून सांगावा लागेल. २०२५ च्या जानेवारीत त्या वसतिगृहाला शंभर वर्षे झाली. आपल्यापैकी किती जणांनी त्या मासिकाचे एखादे पान डोळ्यांनी पाहिले आहे? किती घरांत त्या वसतिगृहात राहिलेल्या पूर्वजाचे नाव सांगितले जाते?

आपला इतिहास ट्रंकांत आहे. पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राखाली दीक्षेच्या वेळचे छायाचित्र असते, जलसाकार आजोबांची गाण्यांची वही असते, गिरणीचा बिल्ला असतो, फाटलेले प्रशस्तिपत्र असते. घर बांधताना, भाऊ वेगळे होताना, वाळवी लागल्यावर ही ट्रंक रद्दीत जाते. ती जाते तेव्हा जुने कागद गेले म्हणून कोणी हळहळत नाही. परंतु उद्या एखादा संशोधक सोलापूरच्या आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहू लागेल, तेव्हा त्याला पोलिसांचे अहवाल आणि विरोधकांची वृत्तपत्रे मिळतील. आपला कागद मिळणार नाही. मग पुन्हा पाटी दुसराच लिहील. जयंतीला ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवर एका रात्रीत जेवढी वर्गणी खर्च होते, तेवढ्यात अशा शेकडो कागदांच्या प्रती काढून जतन करता येतील, हे कटू असले तरी सांगितलेच पाहिजे.

काम कसे करावे, याचा एक चांगला नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवर आणि धम्मावर स्त्रियांनी रचलेल्या ओव्याही आहेत. ओवी कोणी गायिली, ती बाई कोणत्या गावची, हे त्यांनी नोंदवून ठेवले. 'लोकगीत' म्हणून ती बेनामी केली नाही. गाणाऱ्या बाईला तिचे नाव परत दिले. सोलापूरच्या हातमागावर धाग्यांतून व्यक्तिचित्रे विणणारे कारागीर आहेत. त्यांच्या भिंतीवरच्या चित्रांत बाबासाहेबही असतात. त्यांची कलाकृती आपण भेटवस्तू म्हणून देतो. विद्यापीठाच्या कलादालनात ती विणकराच्या नावासह लागावी, एवढीच अपेक्षा आहे.

या विचारातून काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली विद्यापीठांतील मान्यवरांसाठी. लोकजीवनाचे प्रदर्शन भरविताना ज्यांच्या घरची ती वस्तू आहे, त्या समाजातील जाणत्या स्त्री-पुरुषांना पाटी लिहिण्यापूर्वी बोलवावे. त्यांना उद्घाटनाला बोलावून भागणार नाही. वस्तू घेताना पोच द्यावी, कागदाची प्रत काढून मूळ कागद घरच्यांना परत करावा. सोलापूरच्या प्रदर्शनातील पाट्या मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही असाव्यात. 'जातीचा उल्लेख केला की वाद होतो' या भीतीने पाटी अर्धवट ठेवू नये. वाद विद्यापीठात होणार नाहीत, तर कोठे होतील? तेथे निदान पुराव्यानिशी बोलण्याची सक्ती तरी असते.

दुसरी सूचना व्याख्यानांविषयी. प्रत्येक व्याख्यानाची छोटी पुस्तिका निघावी आणि ती तालुक्याच्या ग्रंथालयांत व शाळांत पोहोचावी. व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नांना असावा. वर्षातून काही व्याख्याने केगावच्या बाहेर, माळशिरस, मोहोळ, बार्शी येथे व्हावीत. शेवटची बस चुकेल म्हणून उठून जाणारा विद्यार्थी उदासीन नसतो, तो दूरच्या गावचा असतो.

तिसरी सूचना आपल्या विद्यालयासाठी आणि तुम्हा माजी विद्यार्थ्यांसाठी. विद्यालयातील एक खोली स्मृतिदालन म्हणून राखून ठेवावी, असा प्रस्ताव मी या लेखाद्वारे मांडत आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. भिंतीला ओल नसलेली खोली, दोन लोखंडी कपाटे आणि एक नोंदवही पुरेशी आहे. जुना कागद प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नये आणि त्याला चिकटपट्टी लावू नये. दोन्हींमुळे तो कायमचा बिघडतो. छायाचित्र थेट उन्हात टांगू नये. मागे शाईने न लिहिता मऊ पेन्सिलने नाव, गाव आणि अंदाजे साल लिहावे. हे काम आजच करावे. कारण छायाचित्रातील माणसे ओळखणारी आजी उद्या असेलच असे नाही. पाट्या आपल्या विद्यार्थ्यांनीच लिहाव्यात. त्यासाठी त्यांना घरी जाऊन विचारावे लागेल, ऐकावे लागेल, तपासून पाहावे लागेल. इतिहासाच्या अभ्यासाची याहून चांगली सुरुवात मला माझ्या शिक्षकी आयुष्यात आढळलेली नाही. 'या आणि पाहा' अशी धम्माची ओळख तथागतांनी सांगितली आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासा, असा त्याचा अर्थ आपण मुलांना शिकवितो. स्मृतिदालनात ती शिकवण हाताला लागेल.

त्या दिवशी प्रदर्शनाहून परतल्यावर ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याला मी म्हणालो, की तूच पाटी लिही. रात्री अभ्यासिकेत त्याने वहीच्या पानावर ती लिहून आणली. 'येसकराची काठी. ही गावाने दिलेली होती, हौसेने घेतलेली नव्हती. हिचा आवाज ऐकून लोक भाकर वाढायला बाहेर येत, पण जवळ येत नसत. आमच्या सरांच्या आजोबांनी ती १९५६ नंतर जाळली. त्यांचा मुलगा शाळेत गेला.' शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी सुधारल्या. बाकी एकही शब्द बदलण्याची गरज भासली नाही. ते पान माझ्याजवळ आहे. स्मृतिदालन सुरू होईल, तेव्हा नोंदवहीतील पहिली नोंद म्हणून ते मी विद्यालयाच्या स्वाधीन करीन.

दुसरी नोंद तुमच्या घरची असावी. पुढील माजी विद्यार्थी मेळाव्याला येताना हार, शाल, श्रीफळ आणू नका. ट्रंक उघडा आणि तिच्यातील एक वस्तू, एक कागद किंवा एक छायाचित्र घेऊन या. आणण्यासारखे काहीच उरले नसेल, तर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला घेऊन या. तिचे बोलणे आमची मुले लिहून घेतील.

नमो बुद्धाय. जय भीम.